बेने इस्राएलांचें लग्न

लग्न ही दोन माणसांची गोष्ट आहे असें आपण म्हणतों. परंतु ज्यानें इतिहासाचा थोडाबहुत व्यासंग केला आहे, त्यास लग्नमंडप म्हणजे एक जुनें दफ्तरच वाटतें. बखरी जळतात, शिलालेख झिजतात, वंशावळी सोयीप्रमाणें बदलल्या जातात. पण मुलीस हळद कोणीं आधीं लावावयाची, कोणत्या वारीं मुहूर्त धरावयाचा नाहीं, पंक्तींत काय वाढावयाचें आणि काय वाढावयाचें नाहीं, या गोष्टी घरांतील वृद्ध स्त्रिया पिढ्यान् पिढ्या जपून ठेवतात. ज्या समाजानें आपला इतिहास फारसा लिहून ठेवला नाहीं, त्याचा इतिहास त्याच्या लग्नांत वाचावा लागतो. असें वाचन करण्याचा प्रसंग नुकताच मला आला. त्याची हकीकत व तीवरून सुचलेले विचार येथें मांडीत आहें.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटींत राहतों. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि त्याच्या अगदीं पहिल्या वसाहतींत हिची गणना होते. कारखान्यांचा हा परिसर. येथें इतिहासाचा कांहीं माग लागेल असें सहसा कोणाच्या मनांत येणार नाहीं. परंतु आमच्याच इमारतींत एक बेने इस्राएल कुटुंब राहतें. त्या घरांतील वृद्ध गृहस्थ, ज्यांना सारी इमारत 'काका' म्हणते, एके दिवशीं नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आमच्याकडे आले. पत्रिका मराठींत होती. माथ्यावर मात्र गणपतीच्या जागीं हिब्रू अक्षरांची एक ओळ होती. "सर, सहकुटुंब यायचं. मेंदीलासुद्धां यायचं, नुसतं जेवायला नाहीं," असें सांगून काका उठले, आणि दारापर्यंत गेल्यावर मागें वळून म्हणाले, "मशिदींत डोकं झाकावं लागतं. टोपी नसली तर दाराशीं मिळते."

ते गेल्यावर माझ्या मुलीनें विचारलें, "बाबा, तिथं आपण काय करायचं असतं? अक्षता टाकतात का?" या साध्या प्रश्नाचें नीटसें उत्तर मला देतां येईना. तीस वर्षें विद्यार्थ्यांस जगाचा इतिहास सांगणाऱ्या माणसाला शेजारच्या दारामागचा इतिहास ठाऊक नसावा, ही लाजिरवाणीच गोष्ट! तेव्हां तो प्रश्न मीं मनावर घेतला. सुशिक्षित मराठी कुटुंबांत माझ्यासारखे पुष्कळ असतील असें समजून, पाहुण्यास त्या लग्नांत काय दिसतें आणि जें दिसतें त्याचा अर्थ काय, हें सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम हे लोक कोण, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलाचीं लेंकरें. त्यांच्यांत चालत आलेली कथा अशी कीं, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. धर्मग्रंथ समुद्रास मिळाले. हें केव्हां घडलें याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं, आणि कथेस शिलालेखाचा आधारही नाहीं. पण एवढें निश्चित कीं, आज ज्यास रायगड जिल्हा म्हणतात त्या मुलखांतील खेड्यांत हे लोक शतकानुशतकें तेलाचा घाणा चालवून राहिले. शेजारचे तेली सोमवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून ते सोमवार तेली. हे शनिवारीं बंद ठेवीत, म्हणून शनवार तेली. त्यांचीं आडनांवें केहीमकर, नवगांवकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशीं, म्हणजे गांवावरून पडलेलीं. आणि जुनीं व्यक्तिनांवें समाजी, हसाजी, मुसाजी, आबाजी अशीं. समाजी म्हणजे शमुवेल, मुसाजी म्हणजे मोशे, आबाजी म्हणजे अब्राहाम. बायबलांतील पुरुषांना 'जी' लावून त्यांनीं कोंकणांत आणून बसविलें होतें!

ग्रंथ गेले तरी चार गोष्टी राहिल्या होत्या: शनिवारची विश्रांति, मुलाची सुंता, खवले व पर नसलेला मासा वर्ज्य मानणें, आणि ईश्वर एकच आहे असें सांगणारी 'शेमा' ही प्रार्थना. परंपरा सांगते कीं, दावीद राहबी नांवाच्या परक्या यहुदी गृहस्थानें या लोकांची परीक्षा माशांवरूनच केली. त्यानें बायकांपुढें नाना प्रकारचे मासे ठेविले. त्यांनीं खवल्यांचे तेवढे निवडून घेतले, बाकीचे परत केले. तेव्हां हे आपलेच लोक अशी त्याची खात्री पटली. मग त्यानें झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांस धर्मविधि शिकविले. हे व त्यांचे वंशज काजी म्हणून ओळखले जाऊं लागले. गांवोगांव फिरून ते लग्नें लावीत आणि तंटे तोडीत. बेने इस्राएलांस आपला असा राब्बी, म्हणजे धर्मशास्त्री, नव्हता. काजी, आणि पुढें प्रार्थना म्हणणारा हझ्झान, यांनींच हा धर्म चालविला.

पुढें कंपनी सरकारच्या पलटणींत हे लोक मोठ्या संख्येनें शिरले. त्यांपैकीं समाजी हसाजी दिवेकर हा टिपूच्या कैदेंत पडला होता. सुटून आल्यावर १७९६ सालीं त्यानें मुंबईस आपल्या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधविलें. रेल्वे, टपाल, इस्पितळें व सरकारी कचेऱ्या वाढल्या तसा हा समाज कोंकणांतून शहरांकडे आला. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं आली, आणि १८७९ सालीं ठाण्याच्या बेने इस्राएलांनीं आपलें प्रार्थनामंदिर उभारलें. त्याचें नांव शाआर हश्शामाईम, म्हणजे स्वर्गाचें द्वार. टेंभी नाक्याजवळच्या गर्दींतून आपण नित्य जातों येतों. त्या गर्दींत स्वर्गाचें द्वार उघडें आहे, हें किती जणांच्या लक्षांत येतें?

आतां लग्नाकडे वळूं. पहिला प्रश्न मुहूर्ताचा. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत लग्न नाहीं. कारण तो शब्बाथ, आणि त्या दिवशीं व्यवहार नाहीं, करार नाहीं, लेखन नाहीं. मोठ्या सणांच्या दिवसांतही लग्न नाहीं. एका आनंदांत दुसरा आनंद मिसळूं नये, असा त्यावर शास्त्रकारांचा मार्मिक अभिप्राय आहे. जेरुसलेमचें मंदिर ज्या तिथीस पडलें त्या तिथीच्या आधींचे तीन आठवडे शोकाचे, तेही वर्ज्य. उलट मंगळवार विशेष चांगला मानतात. आपल्याकडे मंगळवारास कोणी सहसा हौसेनें निवडीत नाहीं; परंतु यहुदी सृष्टिकथेंत तिसऱ्या दिवशीं ईश्वरानें आपलें काम चांगलें झालें असें दोनदां म्हटलें आहे, म्हणून तो वार दुप्पट शुभ.

लग्नाच्या आधीं मेंदी. त्या संध्याकाळीं आम्ही काकांच्या घरीं गेलों तेव्हां क्षणभर आपल्याच एखाद्या नातेवाइकाकडे आल्यासारखें वाटलें. मुलीनें हिरवी साडी नेसली होती, हातांत हिरवा चुडा होता, कपाळावर फुलांचा सेहरा होता. आणि भोंवतीं बसलेल्या बायका अशा ठसक्यांत मराठी गाणीं म्हणत होत्या कीं, अलिबागेकडचा हेल लपतां लपेना. नवऱ्या मुलाच्या घरींही मेंदी असते, आणि त्याच्या बोटालाही ती लावतात. पाहुण्यानें येथें करावयाचें काय? बसावें, गाणें येत असल्यास म्हणावें, आणि मेंदीचें बोट पुढें आलें तर मागें घेऊं नये. माझ्या मुलीनें दोन्ही हात पुढें केले.

त्याच प्रसंगीं, किंवा निराळ्या दिवशीं, मलिदा होतो. हा विधि बेने इस्राएलांचा खास स्वतःचा आहे. एका मोठ्या ताटांत भिजविलेल्या पोह्यांची रास. त्यांत गूळ किंवा साखर, खवलेलें खोबरें, वेलची, सुका मेवा. भोंवतीं पांच प्रकारचीं फळें आणि गुलाबाचीं फुलें. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया प्रेषित, याच्या स्मरणार्थ हें ताट मांडतात. एलियास मरण आलें नाहीं, अग्निरथांतून तो सदेह स्वर्गास गेला, अशी बायबलांतील कथा आहे. तो जातांना कोंकणांत उतरला होता अशी या समाजाची श्रद्धा असून, अलिबागेजवळच्या खंडाळें गांवीं एका खडकावरची खूण त्याच्या रथाची म्हणून दाखवितात. मलिद्यावर हिब्रू स्तोत्रें म्हणतात, आणि मग एकेका जिनसेस निराळा आशीर्वाद. झाडाच्या फळास एक, जमिनीच्या उत्पन्नास दुसरा, सुगंधास तिसरा. केळें दुसऱ्या वर्गांत पडतें, कारण केळीचें खोड म्हणजे खरें झाड नव्हे, असें यहुदी शास्त्र म्हणतें. आमच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हें ऐकून फार संतुष्ट झाले! नंतर तो मलिदा सर्वांच्या हातावर येतो. तो उभ्यानें नाकारणें म्हणजे आपल्याकडे तीर्थप्रसाद नाकारण्यासारखें आहे.

मुख्य विधि मात्र प्रार्थनामंदिरांत. आम्ही तीन हात नाक्यावरून टेंभी नाक्यास पोंचलों, दाराशीं मला टोपी मिळाली, आणि आंत गेल्यावर घरगुती कोंकण एकदम मागें पडलें. समोरच्या भिंतींत पवित्र ग्रंथाच्या गुंडाळ्यांचें कपाट, ज्यास हेखाल म्हणतात. मध्यभागीं कठडा असलेला उंच चौथरा, तो तेबा. मूर्ति नाहीं, चित्र नाहीं. पाहुण्यानें तेबेवर चढूं नये, आणि विधि चालू असतां बोलूं नये. एवढें संभाळलें कीं पुरे. अक्षता नाहींत, असें मुलीच्या कानांत सांगितलें.

वर तेबेवर उभा असतो. वधू दारांतून येते. आतां बहुतेक वधू पांढऱ्या पोशाखांत असतात, कोणी साडी नेसतात, कोणी पाश्चात्य वळणाचा झगा घालतात. ती येऊं लागली कीं वर स्वतः गातो. गीताचें नांव 'योनाती', म्हणजे माझी कपोती. तें हिब्रूंत आहे, आणि वरानें वधूस असें गीतानें सामोरें जाणें ही बेने इस्राएलांची मोठी आवडती रीति आहे. आमचा नवरदेव व्यवसायानें हिशेबनीस, गळा बेताचा. दुसऱ्या कडव्याशीं त्याचा आवाज कांपला, तेव्हां मागच्या बांकांवरील वृद्धांनीं तो सूर उचलून धरला. असें सावरून घेणें पुस्तकांत लिहिलेलें नसतें.

त्यानंतरचा क्रम सर्व यहुदी जगांत एकच आहे. पहिल्या पेल्यावर वाग्दानाचा आशीर्वाद. पेल्यांत द्राक्षासव असावें असें शास्त्र. कोंकणांत द्राक्षें कोठून येणार? म्हणून मनुका भिजवून, कुसकरून, गाळून केलेलें सरबत या समाजानें रूढ केलें. मग वर वधूच्या उजव्या हाताच्या तर्जनींत अंगठी घालतो, आणि मोशे व इस्राएल यांच्या नियमाप्रमाणें तूं मला विवाहबद्ध झालीस अशा अर्थाचें वाक्य उच्चारतो. त्यानंतर केतुबा, म्हणजे विवाहपत्र, मोठ्यानें वाचतात. शेवटीं दुसऱ्या पेल्यावर सात आशीर्वाद होतात, पेला फोडतात, आणि मंदिर एका आवाजानें दुमदुमतें. सात आशीर्वादांस दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिति लागते. एकट्यादुकट्याच्या साक्षीनें हें लग्न पुरें होत नाहीं.

यांतील केतुबेकडे पाहुण्यानें विशेष लक्ष द्यावें. तिची भाषा आरामी. हिब्रूचीच ही बहीण दोन हजार वर्षांपूर्वीं पश्चिम आशियांत व्यवहाराची भाषा होती. तींत सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजलेलें साल असतें, गांवाचें नांव असतें, दोघांच्या वडिलांचीं नांवें असतात. आणि मजकूर काय? पतीनें पत्नीस अन्न, वस्त्र व सहवास द्यावा. घटस्फोट किंवा वैधव्य आलें तर तिला अमुक रक्कम मिळावी. कुमारिकेच्या बाबतींत दोनशें झूझ हा जुना आंकडा अजून लिहिला जातो. म्हणजे या पत्रांत प्रेमाचें वर्णन नाहीं, पतीच्या देण्याची नोंद आहे. आणि तें पत्र वधूच्या स्वाधीन होतें. आपल्याकडे पिता कन्या दान करतो; येथें कन्येच्या हातांत कर्जरोखा येतो! दोहोंत श्रेष्ठ काय याचा निवाडा मी करीत नाहीं. परंतु ज्या काळीं जगांतील बहुतेक समाजांत स्त्रीच्या हातांत कसलाच कागद नव्हता, त्या काळीं हा कागद होता, एवढें इतिहासकारानें नमूद केलें पाहिजे.

केतुबेवर दोन साक्षीदार सह्या करतात. ते यहुदीच असावे लागतात, आणि वधूवरांचे जवळचे आप्त असून चालत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हां येणार आहें.

पेला फोडण्याची मीमांसा बहुधा अशी करतात कीं, परमानंदाच्या क्षणींही जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस विसरूं नये. तल्मूद या ग्रंथांतील कथा अधिक मनोरंजक आहे. एका पंडिताच्या मुलाच्या लग्नांत जमलेले शास्त्री फारच बहकूं लागले, तेव्हां त्यानें चारशें झूझ किंमतीचा पेला आणवून सर्वांसमक्ष फोडला. मंडळी तत्काळ भानावर आली. हा उपाय आपल्याकडील वरातींतही करून पाहण्याजोगा आहे.

मग जेवण. मांसाबरोबर दूध, दहीं, तूप कांहीं नाहीं, हा कडक नियम. म्हणून मटणाच्या रश्श्यांत नारळाचा रस, गोडांतही नारळाचा रस. जेवण झाल्यावर ताकाची वाटी शोधूं नये! प्राणी शास्त्रोक्त रीतीनें कापलेला हवा, आणि डुकराचें मांस तर निषिद्धच. पण गोमांस शास्त्रास मान्य असूनही पुष्कळ बेने इस्राएल घरांत तें शिजत नाहीं. शेजाऱ्याचें मन राखण्यासाठीं लागलेली ही संवय आहे, आणि ती कोणीं कायदा करून लावलेली नाहीं.

येथवर जें पाहिलें त्यावरून घाईचा निष्कर्ष असा निघतो कीं, घरांतील विधि हिंदूंचे उसने आणि मंदिरांतील विधि यहुद्यांचे अस्सल. मीही प्रथम असेंच समजत होतों. परंतु थोडें खोल गेल्यावर हा समज टिकत नाहीं. गळ्यांतील मंगळसूत्र आणि हिरवा चुडा हे मराठी मुलखांतले, यांत शंका नाहीं. पण मेंदी येमेन व मोरोक्कोच्या यहुद्यांतही लग्नाआधीं लावतात. तेथें कोणते हिंदु शेजारी होते? उलट मंदिरांतल्या 'अस्सल' विधींकडे पाहा. तल्मूदाच्या काळीं वधूस अंगठी नव्हे, नाणें देत. अंगठी त्यानंतर रूढ झाली. वाग्दान व विवाह यांत पूर्वीं वर्षभराचेंही अंतर असे, आपल्याकडील साखरपुडा आणि लग्न यांसारखें. ते दोन विधि मध्ययुगांत एकत्र आले, आणि आज त्यांची सांधणी करण्यास मध्यें केतुबेचें वाचन असतें. चार खांबांवरचें वस्त्रछत्र, जें पुष्कळांस यहुदी लग्नाचें मुख्य चिन्ह वाटतें, तें तर युरोपांत सोळाव्या शतकाच्या सुमारास सार्वत्रिक झालें. अर्थात् सर्वच देशांतील यहुद्यांनीं शेजाऱ्यांकडून घेतलें आहे. ज्यांनीं पोलंडच्या शेजाऱ्यांकडून घेतलें ते शुद्ध, आणि ज्यांनीं पेणच्या शेजाऱ्यांकडून घेतलें ते संशयास्पद, हा न्याय कोणता?

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाहीं. तो एकदां फार कठोर रीतीनें विचारला गेला, आणि तोही लग्नाच्याच निमित्तानें. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर हजारों बेने इस्राएल तिकडे गेले. तेथें यहुद्यांच्या लग्नाचा अधिकार धर्मपीठाकडे आहे. शंका अशी निघाली कीं, शेंकडों वर्षें राब्बीवांचून राहिलेल्या या समाजांत घटस्फोटाचे विधि शास्त्राप्रमाणें झाले असतील काय? झाले नसतील, तर त्यानंतरच्या विवाहांची संतति शास्त्रदृष्ट्या निर्दोष मानावी काय? १९६१च्या अखेरीस धर्मपीठानें अशा विवाहांस बंदी नाहीं असें ठरविलें. पण १९६२ सालच्या सूचनांत, बेने इस्राएल व इतर यहुदी यांच्या विवाहापूर्वीं शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी असें नोंदणी करणाऱ्यांस सांगितलें.

काकांचे थोरले बंधु त्या वेळीं तिकडे होते. मेंदीच्या रात्रीं पाहुणे पांगल्यावर काकांनीं मला तें सांगितलें. "भावाचं पत्र आलं. आजीच्या लग्नाचा कागद असेल तर शोध, म्हणून. मी आईला विचारलं. आई म्हणाली, कागद कसला मागतोस? सासूबाईंचं लग्न लागलं तेव्हां अख्खा गांव जेवला होता, त्यांना विचार." हें सांगून काका हसले. मला हसतां आलें नाहीं.

त्या वृद्धेचें उत्तर मला मोठें अर्थपूर्ण वाटतें. कोंकणांतील खेड्यांत काजीच्या तोंडून आणि पंचांच्या समक्ष ज्यांचीं लग्नें लागलीं, त्यांच्याकडे कागदांची रास कोठून असणार? त्यांचें प्रमाण म्हणजे त्यांची रीत. आणि त्या रीतीचे डोळस साक्षीदार म्हणजे शेजारीपाजारी. शनिवारीं घाणा बंद असतो हें पाहणारे, खवल्यांवांचूनचा मासा त्या घरीं विकला जात नाहीं हें जाणणारी कोळीण, आणि लग्नांत जेवून आलेले मराठे, आगरी व ब्राह्मण. हेच त्या लग्नांचे खरे नोंदबुक होते. परंतु ते यहुदी नव्हते, म्हणून त्यांची साक्ष शास्त्रांत बसत नव्हती.

पुढें काय झालें तें इतिहासांत नमूद आहे. १९६४च्या उन्हाळ्यांत बेने इस्राएलांनीं जेरुसलेमांत धरणें धरलें. शस्त्र नाहीं, दंगल नाहीं, बायकामुलांसह बसून राहणें. ज्या देशांतून ते गेले होते त्या देशाचा हा धडा होता, हें कोणाच्याही लक्षांत यावें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें तेथील लोकसभेनें, पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांचें सरकार असतां, बेने इस्राएल सर्व दृष्टींनीं यहुदीच आहेत असें जाहीर केलें. आणि धर्मपीठानेंही आपल्या सूचनांतून या समाजाचा नांवानिशीं उल्लेख काढून टाकला.

मात्र इतिहासकारानें एकच बाजू सांगून थांबूं नये. शुद्धतेचा हाच गज बेने इस्राएलांनीं स्वतःही वापरला होता. त्यांच्यांत 'गोरे' व 'काळे' असे दोन वर्ग असत. कातडीच्या रंगाशीं त्यांचा संबंध नव्हता. परधर्मी स्त्रियांच्या पोटीं झालेल्या संततीचे वंशज ते काळे, आणि गोऱ्यांचा त्यांच्याशीं बेटीव्यवहार नसे. मुंबईच्या बगदादी यहुद्यांनीं बेने इस्राएलांशीं सोयरीक टाळली, आणि बेने इस्राएलांतील गोऱ्यांनीं काळ्यांशीं टाळली. जातीची ही हवा त्यांस कोठून लागली, हें आपण मराठी वाचकांनीं विचारूं नये. आपल्याकडून त्यांनीं नारळाचा रस घेतला, तसें हें विषही घेतलें. आज तो भेद प्रायः मावळला आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

या समाजाचा पहिला मोठा इतिहास हाईम शमुवेल केहीमकर यांनीं १८९७ सालीं लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ सालीं, तेल अवीव्हमध्यें, ग्रंथकार निवर्तल्यानंतर. त्यांत लग्नाच्या जुन्या चालींचें सविस्तर वर्णन आहे. आपल्या चाली लोपतील अशी भीति वाटल्यावांचून कोणी त्या इतक्या बारकाईनें लिहीत नाहीं. ती भीति अनाठायीं नव्हती. १९५१च्या जनगणनेंत भारतांत २५ हजारांहून अधिक यहुदी होते. २०११च्या जनगणनेंत ते साडेचार हजारांच्या आसपास उरले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रांत. ठाणें हें आतां त्यांचें एक प्रमुख ठाणें आहे. २०१६ सालीं महाराष्ट्र शासनानें त्यांस अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. बाकीचे इस्राएलांतील अश्दोद, दिमोना, बीरशेबा अशा गांवीं वसले आहेत. आणि तेथें मेंदीच्या रात्रीं अजून मराठी गाणीं म्हटलीं जातात. कोंकणांत असतां जेरुसलेमची आठवण म्हणून पेला फोडला, आणि जेरुसलेमच्या देशांत गेल्यावर कोंकणाची आठवण म्हणून मलिदा केला! माणसाच्या मनाची ही रीत पाहून हसावें कीं गहिंवरावें, हें कळत नाहीं.

काकांच्या नातीचें पुढलें ठिकाणही तेंच आहे. लग्नानंतर तीं दोघें तिकडे जाणार. विधि संपल्यावर काका मला हाताला धरून तेबेजवळ घेऊन गेले, आणि केतुबा दाखविली. सुबक अक्षर, खालीं दोन सह्या. आणि आरामी मजकुराच्या ओघांत हिब्रू अक्षरांत लिहिलेलें एक नांव त्यांनीं मला बोटानें दाखविलें. तें ठाण्याचें होतें. "आतां हिला कुणी विचारलं तर कागद आहे," एवढेंच ते बोलले.

त्या कागदावर माझी सही नाहीं, आणि नियमाप्रमाणें ती असूंही नये. पण मेंदीचा हात मीं पाहिला, मलिदा खाल्ला, गीत ऐकलें, पेला फुटतांना पाहिला. नवगांवापासून टेंभी नाक्यापर्यंत या लोकांच्या लग्नांत जेवून गेलेल्या असंख्य अनाम शेजाऱ्यांच्या रांगेंत मीही एक शेवटचा उभा आहें. अशा लग्नांत पाहुण्यानें काय करावयाचें असतें, या माझ्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर आतां मला देतां येईल. डोकें झाकावें, आमेन म्हणावेंसें वाटल्यास म्हणावें, ताक मागूं नये, आणि जें पाहिलें तें नीट लक्षांत ठेवावें. कोणीं कधीं विचारलेंच, तर सांगतां आलें पाहिजे.